थकलेले पैसे आणि तापलेली बातमी

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील दोन डोंगरी तालुके. त्यांपैकी वेल्ह्याचे नामकरण आता राजगड असे झाले आहे. या दोन्ही तालुक्यांत हॉकीचे कृत्रिम गवताचे एकही मैदान नाही. जत्रेतल्या कुस्त्या आणि शाळेच्या पटांगणावरची कबड्डी हेच येथील लोकांचे खेळ. तरीही भारताचा हॉकी संघ जिंकला अथवा हरला की भोरच्या बाजारपेठेत आणि वेल्ह्याच्या एस. टी. थांब्यावर त्यावर ठाम मत देणारे हमखास भेटतात. यात हसण्यासारखे काही नाही. ज्या खेळाने या देशाला ऑलिंपिकची आठ सुवर्णपदके मिळवून दिली, त्याविषयी सर्वांनाच आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. कबड्डीविषयी कोणी भलतीच बातमी छापली, तर गावातील दहा जण ती वाचून हसतील, कारण तो खेळ त्यांच्या अंगाखांद्यावरून गेलेला आहे. हॉकीच्या बातमीला अशी कसोटी लावणारा तेथे कोणी नाही. खेळ जितका दूर, तितकी बातमीची सत्ता मोठी. म्हणूनच क्रीडावार्तांतील सनसनाटीचा विचार शहरातील प्रेक्षागारात बसून करण्यापेक्षा अशा तालुक्यांतून केलेला अधिक उपयोगी ठरतो.

याच पुणे जिल्ह्यात, बालेवाडीच्या क्रीडानगरीत, जानेवारी २०१० मध्ये एक घटना घडली. फेब्रुवारीअखेर दिल्लीत विश्वचषक स्पर्धा भरावयाची होती आणि तिच्यासाठी राष्ट्रीय संघाचे सराव शिबिर तेथे चालू होते. थकलेले पैसे मिळेपर्यंत सराव करणार नाही, असे खेळाडूंनी एकमुखाने जाहीर केले. कर्णधार राजपाल सिंग यांच्यासह सारा संघ एकत्र उभा राहिला. हॉकी इंडिया या नियामक संस्थेने आधी इशारे दिले, मग वाटाघाटी केल्या. अखेर प्रायोजक कंपनीने पैसे पुढे केले आणि १३ जानेवारीच्या सुमारास शिबिर पुन्हा सुरू झाले. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर हा कामाच्या मोबदल्याचा साधा वाद होता. काम झाले होते, दाम थकला होता आणि कामगारांनी काम थांबवले होते. भोर-वेल्ह्यातून जी हजारो माणसे पुण्याच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर राबावयास जातात, त्यांना हा वाद समजावून सांगण्याची गरज नव्हती. ठेकेदाराने पगार थकवला की काय होते, हे त्यांना चांगले ठाऊक आहे.

तथापि, बातमी त्यांच्यापर्यंत या रूपात आली नाही. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर आणि अनेक वृत्तपत्रांत तिची दोन रूपे प्रचारात आली. एका रूपात प्रश्न असा होता की, देशाच्या अंगरख्यापुढे पैसा मोठा का? दुसऱ्या रूपात क्रिकेटपटूंची श्रीमंती एका बाजूला आणि हॉकीपटूंचे दारिद्र्य दुसऱ्या बाजूला मांडून प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणण्याची खटपट होती. पहिल्या रूपात खेळाडू स्वार्थी ठरला, दुसऱ्यात याचक. तो हक्काचा पैसा मागणारा श्रमिक आहे, हे तिसरे आणि खरे रूप मात्र मागे पडले. नियामक संस्थेकडे पैसा येतो कोठून, तो खर्च होतो कशावर, खेळाडूंशी लेखी करार का नसतो, हे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत असे नाही. पण ते रात्रीच्या चर्चेला रंग आणणारे नव्हते.

हॉकीप्रेमींचा प्रतिसाद बातमीच्या साच्यातूनच निघाला. काहींनी खेळाडूंना दूषणे दिली. त्याहून पुष्कळांनी सहानुभूती दाखवली आणि मदत देऊ केली. भोपाळच्या शिबिरातील महिला संघानेही त्याच सुमारास आपली तक्रार मांडली आणि देणग्यांसाठी बँकेत खाते उघडले. सामान्य माणसाच्या या औदार्याबद्दल आदरच वाटावयास हवा. परंतु देणगीने थकबाकी फिटते, हक्क प्रस्थापित होत नाही. याचा पुरावा दोन वर्षांच्या आतच मिळाला. सप्टेंबर २०११ मध्ये चीनमधील ऑर्डोस येथे पाकिस्तानला हरवून भारताने आशियाई अजिंक्यपद करंडक जिंकला, तेव्हा विजेत्या संघातील प्रत्येकाला नियामक संस्थेने पंचवीस हजार रुपये देऊ केले आणि खेळाडूंनी ते नाकारले. पुन्हा तोच गदारोळ झाला आणि केंद्राच्या क्रीडामंत्र्यांनी रक्कम वाढवून वेळ निभावली. गदारोळाने रक्कम वाढली. ती ठरवण्याची पद्धत बदलली नाही.

त्या संघात मुंबईचा युवराज वाल्मीकी होता. मरीन लाइन्सजवळच्या ज्या झोपडीत त्याचे कुटुंब राहत होते, तिच्यात वीजही नव्हती. विजयानंतर कॅमेरे तेथे पोहोचले, मागोमाग पुढारी पोहोचले आणि वीजही पोहोचली. हे चांगलेच झाले. पण जी वीज एका घरात गोल मारल्यामुळे आली, ती शेजारच्या घरांत कशामुळे यावयाची होती? बातमीने एका माणसाचे दारिद्र्य पाहिले आणि वस्तीचे पाहिले नाही. सनसनाटीचा हा सौम्य, हसरा प्रकार आहे. म्हणूनच तो अधिक फसवा आहे.

तिचा क्रूर प्रकार जुना आहे. १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेतील अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला सात विरुद्ध एक असे हरवले. पंतप्रधान इंदिरा गांधी प्रेक्षागारात होत्या आणि देशभर लोक दूरचित्रवाणीवर सामना पाहत होते. पराभव अकरा जणांच्या संघाचा होता. शिक्षा एकट्या गोलरक्षकाला झाली. मीररंजन नेगी यांनी पैसे घेऊन गोल सोडले, अशी अफवा उठली आणि ती छापूनही आली. पुरावा कोणीच दिला नाही, पण त्यांचे खेळाडू म्हणून जीवन तेथेच संपल्यासारखे झाले. पुढे १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या संघाच्या आणि २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णविजेत्या महिला संघाच्या प्रशिक्षकवर्गात त्यांनी काम केले. २००७ साली एका लोकप्रिय हिंदी चित्रपटाला त्यांच्या कथेतून प्रेरणा मिळाली, आणि ज्यांनी त्यांना गद्दार म्हटले होते त्यांनीच मग टाळ्या वाजवल्या. तेव्हा चोवीस तासांच्या वाहिन्या नव्हत्या, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. सनसनाटी यंत्राने जन्माला घातली नाही. यंत्राने तिचा वेग वाढवला.

हा वेग कोठे नेतो, हे ऑगस्ट २०२१ मध्ये दिसले. टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारिया हिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारी ती पहिली भारतीय महिला. काही दिवसांतच उपान्त्य सामन्यात अर्जेंटिनाकडून भारत हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावी तिच्या घरासमोर काही जणांनी फटाके वाजवून जातिवाचक शिवीगाळ केली. पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटकही केली. त्या माणसांना वृत्तपत्राने वा वाहिनीने पाठवले नव्हते. जातीचे विष त्यांच्या मनात आधीपासूनच होते. पण प्रत्येक सामना हे युद्ध, प्रत्येक विजय हा राष्ट्राचा उद्धार आणि प्रत्येक पराभव हा कोणाचा तरी द्रोह, अशी भाषा वर्षानुवर्षे कानी पडत राहिली की पराभवानंतर द्रोही शोधण्याची सवय जडते. आणि आपल्या समाजात द्रोही शोधावयास निघालेली नजर प्रथम दलिताच्या, मुसलमानाच्या आणि गरिबाच्या घरावर जाते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. सनसनाटीने कधी भलेही होते, असे म्हणणारे एप्रिल २००८ चे उदाहरण देतील. त्या वर्षी मार्च महिन्यात चिली देशातील सांतियागो येथे ब्रिटनकडून हरल्यामुळे भारताला ऑलिंपिकसाठी पात्र ठरता आले नाही. पुढच्याच महिन्यात एका हिंदी वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने भारतीय हॉकी महासंघाच्या सचिवांना, खेळाडूच्या निवडीसाठी पैसे स्वीकारताना दाखवले. सचिवांनी राजीनामा दिला आणि ऑलिंपिक संघटनेने महासंघालाच निलंबित केले. हे वृत्त सनसनाटी होते, यात शंका नाही. तरीही ते आणि १९८२ ची अफवा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तेथे नजर सत्तेवर होती, येथे सत्ताहीन खेळाडूवर. तेथे पुरावा होता, येथे कुजबुज. तेव्हा विरोध आवाजाला नाही. आवाज कोणावर चढवला जातो आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न आहे. शिवाय त्या प्रकरणातही संस्था बदलली तरी कारभाराची रीत बदलली नव्हती, हे बालेवाडीने दोन वर्षांच्या आत दाखवून दिले. कॅमेरा राजीनामा मिळवू शकतो. हिशेब मागत राहण्याचे काम त्याच्याने होत नाही.

याचे कारण वार्ताव्यवसायाच्या अर्थकारणात आहे. वृत्तपत्र वा वाहिनी वाचकाला बातमी विकून जगत नाही. ती जाहिरातदाराला वाचकाचे लक्ष विकून जगते. ज्या बातमीने लक्ष क्षणात खेचले जाते तिचा खर्च कमी आणि मिळकत अधिक. जिच्यासाठी वार्ताहराने महिनाभर कागद चाळावे लागतात तिचा खर्च अधिक आणि मिळकत अनिश्चित. मग हॉकी चार वर्षे अडगळीत पडते आणि ऑलिंपिकच्या पंधरवड्यात एकदम राष्ट्राची इज्जत बनते. वार्ताहर दुष्ट आहेत म्हणून असे घडत नाही. बाजाराच्या हाती दिलेली कोणतीही वस्तू जशी घडते, तशीच बातमीही घडते.

या घाईत जी बातमी कधीच येत नाही ती मैदानाची. धनराज पिल्ले खडकीत वाढले. वडील तेथील संरक्षण कारखान्याच्या परिसरातील मैदानाची देखभाल करीत आणि मुले मोडक्या स्टिकांनी खेळत. सार्वजनिक क्षेत्राचे मैदान होते म्हणून एका मैदानराख्याचा मुलगा चार ऑलिंपिक स्पर्धा खेळला. ओडिशातील सुंदरगड हा डोंगरी, आदिवासी जिल्हा. गावोगावच्या माळांवर तेथे हॉकी खेळली जाते, बोकडाचे बक्षीस लावून सामने होतात आणि शासकीय क्रीडा वसतिगृहांनी त्यातून दिलीप तिर्की यांच्यासारखे खेळाडू घडवले. दारिद्र्य तेथेही आहे, डोंगर तेथेही आहेत. भोर-वेल्ह्यात जे नाही ते मैदान आणि वसतिगृह. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम गवतावर गेली आणि खेळ शिकण्याचा भांडवली खर्च वाढला. असे मैदान ज्या शहरांना परवडते, तेथेच हॉकी उरली.

या तालुक्यांना हा व्यवहार नवा नाही. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-इंदापूरच्या शेताला जाते. पानशेत आणि वरसगावचे पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळाला जाते. सपाट जमीन मुळातच थोडी; धरणांखाली गेलेली वगळून जी उरली तिच्यावर भाताची खाचरे आहेत आणि आता धनिकांची शेतघरे उभी राहत आहेत. मुलांच्या वाट्याला शाळेचे उतरते पटांगण येते. पाणी डोंगराचे आणि बागायत खाली, तशीच पोरे डोंगराची आणि मैदाने शहरात.

म्हणून कार्यकर्त्यांनी हॉकीच्या बातमीवरील वाद निव्वळ करमणूक मानून सोडून देऊ नये. सामना हरल्यावर एस. टी. थांब्यावर जो गोलरक्षकाला शिव्या देतो, त्याला उपदेश करून काही साधणार नाही. त्याला तीन प्रश्न विचारावेत. या बातमीत कोणावर आरोप आहे, आणि त्याला उत्तर देण्याची संधी दिली आहे काय? खेळाडूंचा मोबदला कोण ठरवतो आणि तो वेळेवर मिळाला काय? आपल्या तालुक्यात हा खेळ का नाही? पहिला प्रश्न अफवेला आवरतो, दुसरा खेळाडूला श्रमिक म्हणून पाहावयास शिकवतो आणि तिसरा प्रेक्षकाला नागरिक बनवतो.

तिसऱ्या प्रश्नाला लागूनच प्रत्यक्ष काम आहे. तालुका क्रीडा संकुलांची योजना शासनानेच आखलेली आहे आणि माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. भोरमध्ये आणि वेल्ह्यात या योजनेतून किती पैसा आला, किती खर्च झाला, संकुलाचा वापर कोण करते आणि मुलींना तेथे कोणती वेळ मिळते, याची माहिती मागवून ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. प्रत्येक माध्यमिक शाळेला पुरेसे सपाट पटांगण आणि पूर्णवेळ क्रीडाशिक्षक मिळावा, हा ठराव करून घ्यावा आणि त्याचा पाठपुरावा करावा. हॉकीला आरंभी कृत्रिम गवत लागत नाही. सुंदरगडच्या मुलांनी ती मातीतच शिकून घेतली. या कामाला कोणत्याही वाहिनीचा कॅमेरा येणार नाही, हे गृहीत धरूनच ते हाती घ्यावे लागेल.