फुकटच्या पुस्तकांना समीक्षक नसतो

‘मराठीत लहान मुलांसाठी आंतरजालावर काहीच नाही’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे, की ते तपासून पाहावे असेही आता कुणाला वाटत नाही. असे म्हणणाऱ्यांत पालक असतात, तसे मराठीचे प्राध्यापकही असतात. पालकांना आम्ही दोष देणार नाही. घर, नोकरी आणि मुलांचा अभ्यास सांभाळून शोध घेण्याइतकी सवड त्यांच्याजवळ नसते. पण वाङ्मयाचा अभ्यास हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी न शोधता निकाल द्यावा, हे आम्हाला मान्य नाही.

वस्तुस्थिती काय आहे? ‘बालभारती’ने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आज संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. अरविंद गुप्ता यांनी आपल्या संकेतस्थळावर मुलांची आणि शिक्षणविषयक पुस्तके मराठीसह अनेक भाषांत ठेवली आहेत. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करावीत, याच्या चित्रफिती आहेत त्या वेगळ्याच. ‘प्रथम बुक्स’चे ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून चालू आहे. तिथल्या गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या असून त्या खुल्या परवान्याखाली असल्याने कुणालाही वाचता, छापता आणि भाषांतरित करता येतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय मंचावर पाठ्यपुस्तकांना जोडलेले साहित्य आहे. तेव्हा ‘काहीच नाही’ हे विधान सपशेल खोटे आहे. ते टिकून राहिले, कारण ते सोयीचे आहे. काही नाही म्हटले की वाचायची जबाबदारी उरत नाही.

मग उणीव कशाची आहे? आमच्या मते ती निवडीची आणि परखड परीक्षणाची आहे. एखाद्या मध्यम कादंबरीवर आपल्याकडे चार परीक्षणे येतात, चर्चासत्रे होतात. आंतरजालावर मोफत मिळणाऱ्या आणि घरोघर मुलांच्या हाती पडणाऱ्या गोष्टीवर मात्र चार ओळीही कुणी लिहीत नाही. फुकट मिळाले म्हणजे त्याची पारख करायची नसते, असा जणू संकेतच आहे.

याचा परिणाम प्रथम भाषेवर होतो. जिथे कुणीही भाषांतर करू शकतो, तिथे चांगले भाषांतर होते तसे वाईटही होते. खुलेपणाची ती किंमत आहे आणि ती आम्हाला मान्य आहे. पण वाईटाला वाईट म्हणणारे कुणीतरी हवे. ‘आई, मी भुकेला आहे’ असे म्हणणारे मूल आम्हाला कोणत्याही मराठी घरात भेटलेले नाही. ते ‘आई, भूक लागली’ म्हणते. ‘त्याने आपले हात आपल्या खिशात घातले’ या वाक्यातले दोन्ही ‘आपले’ मराठीला नको आहेत. इंग्रजी वाक्याच्या साच्यात मराठी शब्द ओतले, की अशी भाषा तयार होते. मराठीत ससा टुणकन उडी मारतो, पिल्लू लुटुलुटु चालते, आंबा धपकन पडतो. ही अनुकरणवाचक क्रियाविशेषणे काढून सर्वत्र ‘पटकन’ आणि ‘हळूच’ घातले, तर गोष्ट कळते. पण जिभेला तिची गोडी लागत नाही. पाच वर्षांच्या मुलाला व्याकरण शिकवावे लागत नाही, ते कानाने शिकते. त्या कानावर आपण काय घालतो आहोत, हे पाहणे भाषेच्या शिक्षकाचे काम नाही, तर मग कुणाचे?

चित्रकलेच्या बाबतीत तर हलगर्जीपणा याहून अधिक आहे. घरी बसून करण्याच्या ‘उपक्रमां’त रंग भरण्याची तयार पाने असतात आणि त्यांत बर्फाचा माणूस हटकून असतो. त्यावर उतारा म्हणून आता ‘वारली चित्रे पाच मिनिटांत’ शिकवतात. दोन त्रिकोण जोडले की माणूस झाला! पण मूळचा लग्नचौक विवाहाच्या वेळी बायका घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात आणि त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. तारप्याभोवतीचा फेर वळत जातो, कारण तो खरोखर नाचला जातो. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती त्रिकोण जोडण्याबद्दल मिळालेली नाही. मुलांना त्रिकोण जरूर काढू द्यावेत. पण हे कोण काढते, कुठे आणि कशासाठी, एवढे सांगायला तीन वाक्ये पुरतात. ती तीन वाक्ये गाळली, की कलेचे शिक्षण संपते आणि नक्षीकाम उरते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. ‘ज्या घरात एकच भ्रमणध्वनी आहे आणि तोही बापाबरोबर कामावर जातो, तिथे आधी काहीतरी पोहोचू द्या, दर्जाचे नंतर पाहू.’ मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आमच्यापैकी जे शिकवत होते त्यांनी हे दारिद्र्य जवळून पाहिले आहे. पण या युक्तिवादातला ‘नंतर’ कधीच येत नाही. शिवाय ज्या मुलाच्या वाट्याला दिवसाकाठी अर्धाच तास तो पडदा येतो, त्याच्या अर्ध्या तासात निकृष्ट गोष्ट घालण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, ते मूल वाईट गोष्ट टाकून दुसरी घेईल. ज्याच्याकडे तेवढीच आहे, त्याच्यासाठी ती उत्तमच असायला हवी. पारखीची गरज गरिबाला अधिक आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच गोटातला आहे: बालसाहित्य हा गंभीर समीक्षेचा विषय नव्हे. तसे असेल, तर ज्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, त्यांना आपण वाङ्मयेतिहासात जागा का देतो? भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. म्हणजे २०११ पासून त्यांचे सारे लेखन सर्वांसाठी मोकळे आहे. त्याच्या शुद्ध, मुलांना वाचता येतील अशा संहिता आंतरजालावर सिद्ध करणे हे काम मराठी विभागांइतके दुसऱ्या कुणाला साधणार आहे?

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक मराठी विभागाने वर्षाला दहा मोफत बालपुस्तके घ्यावीत. विद्यार्थ्यांनी ती एखाद्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवावीत आणि मूल कुठे हसले, कुठे अडले, कुठे उठून गेले हे टिपावे. मग भाषांतरकाराला आणि चित्रकाराला नावानिशी श्रेय आणि दोष देणारे परीक्षण लिहावे. भाषांतर फसले असेल, तर परवाना खुला आहे. स्वतः दुसरे करावे. विद्यार्थ्यांना भाषांतराचा यापेक्षा चांगला स्वाध्याय आम्हाला सुचत नाही.

आज जे मूल ‘मी भुकेला आहे’ वाचत मोठे होत आहे, ते आणखी बारा-तेरा वर्षांनी आपल्याच वर्गात येऊन बसेल. तेव्हा ‘या मुलांना मराठी येत नाही’ असा गळा काढण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर तो आतापासून मिळवायला हवा.