लुटलेल्या घरात कोण होतं?

सुरतेच्या लुटीचं प्रकरण लहानपणी चारदा वाचलं. चारही वेळा घोड्यावर मीच! लग्न होऊन सुरतेत आले तेव्हा कळलं, जानेवारी १६६४ मध्ये लुटलेला वीरजी व्होरा आमच्यासारखाच जैन. सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात दडला होता. मी वाचलेल्या कादंबऱ्यांत व्होऱ्याच्या घरी नुसत्या मोत्यांच्या राशी, माणूस एक नाही. चुलीपाशी कुणी बाई नव्हती का हो? शाइस्ताखानाने तीन वर्षं मुलूख नासवला होता, महाराज का आले ते मला पटतं. पण कादंबरीकारांनो, त्या घरात एक माणूस लिहिलात म्हणून महाराज लहान होणार नाहीत. एवढाही भरवसा नाही तुमचा त्यांच्यावर?