खोलण्याआधी मोजा!

महाळुंगे म्हटलं की आयटीवाल्यांना बालेवाडीजवळचं आठवतं. मी सांगतोय ते चाकणजवळचं, महाळुंगे इंगळे.

तर झालं असं, माझी सेकंडहँड सीएनजी कार सिग्नलला थरथरायची, चढाला दम टाकायची. प्लग बदलले, कॉइल बदलली, फरक शून्य. घराजवळच्या गॅरेजात निदान झालं, "रिंगा गेल्यात साहेब, इंजिन खोलावं लागेल. चाळीस हजार धरून चाला." मोजलं काहीच नव्हतं. नुसता कान लावला होता!

ऑफिसातल्या मित्राने महाळुंग्याच्या एका मेकॅनिककाकांकडे पाठवलं. ते म्हणाले, "खोलायचं नंतर बघू, आधी कॉम्प्रेशन बघू." इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद. मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा, काका गेज वाचणार.

165, 160, 90, 165 पीएसआय.

सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांचा फरक चालतो. इथे तिसरा निम्म्यावर! काकांनी त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असतील तर तेल फट बुजवतं, आकडा चांगलाच चढतो. चढला फक्त 95 पर्यंत. म्हणजे रिंगांवर उगाच आळ. संशय आता व्हॉल्व्हवर.

इंजिन गार झाल्यावर टॅपेट तपासले. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फटच उरली नव्हती. सीएनजीवर व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते, व्हॉल्व्ह आत सरकतो, फट संपते आणि तो नीट बंद होत नाही. टॅपेट सेट केले, गाडी गरम करून पुन्हा मोजलं: 155. व्हॉल्व्ह जळला असता तर मात्र हेड उतरवावंच लागलं असतं. थोडक्यात वाचलो.

आता पहिल्या मेकॅनिकला शिव्या घालणं सोपं आहे. पण खरं सांगा, "तासभर तपासलं, काही बदललं नाही" असं बिल आलं तर आपण निमूट देतो का? पार्ट बदलला की मुकाट्याने पैसे, तपासणीला मात्र घासाघीस. मग तो मोजेल कशाला? लॉग न बघता कोड बदलणाऱ्याला ऑफिसात आपण धारेवर धरतो. गॅरेजात मात्र तेच करायला आपणच लावतो.

असो. काकांना तपासणीचे पैसे वेगळे दिले, घासाघीस न करता. तुम्हाला कोणी "इंजिन काम निघालंय" म्हणालं, तर आधी चारही सिलिंडरचे आकडे मागा. आणि ते काढायचे पैसेही द्या.