कॅप्सूल आहे, साबण नाही

गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७६. परळीतच एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पाचव्या दिवशी जुलाब लागले आणि वॉकर धरून चार पावलं टाकणारी बाई पुन्हा अंथरुणाला खिळली. विष्ठा तपासा, असं कोणी म्हटलंच नाही. चिठ्ठीवर सात दिवसांचं, दोन वेळचं अँटिबायोटिक, गॅसची गोळी आणि खाली 'चांगल्या जंतूंची' कॅप्सूल. मेडिकलवाला म्हणाला होता, "दादा, ही घेतली की पोट बिघडत नाही."

बिघडलंच.

मुळात सात दिवस अँटिबायोटिक कशाला? अशा स्वच्छ ऑपरेशनला चीर देण्याआधी डोस द्यायचा असतो. ऑपरेशननंतर तो लांबवू नका, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्येच बजावलं आहे. अँटिबायोटिकनं आतड्यातले राखणदार जंतू मरतात आणि मोकळ्या रानात क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जुलाब करणारा जंतू माजतो. म्हाताऱ्या माणसाला तोच सगळ्यात जड जातो. म्हणजे राखण आपणच मारायची आणि मग तीच दुकानातून विकत आणायची!

बरं, ती विकतची राखण तरी कामाची आहे का? इंग्लंड-वेल्समध्ये दवाखान्यात अँटिबायोटिक घेणाऱ्या, ६५ वर्षांवरच्या सुमारे ३००० रुग्णांवर चाचणी झाली. २०१३ साली ती 'लॅन्सेट'मध्ये आली. खरी कॅप्सूल घेणाऱ्यांत १०.८ टक्क्यांना जुलाब झाले, नकली घेणाऱ्यांत १०.४ टक्क्यांना. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात अनेक चाचण्या एकत्र केल्यावर फायदा दिसला, विशेषतः ज्यांना मुळातच धोका जास्त त्यांच्यात. हे मी नाकारत नाही. पण जंतूजंतूंत फरक असतो, आणि इथं "कुठलीही चालते" म्हणून हातात पुडी ठेवतात. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना असे जंतू दिले, तेव्हा त्या गटात २४ जण दगावले, दुसऱ्यात ९. ही २००८ सालची नोंद आहे. 'नुकसान तर काही नाही' म्हणणाऱ्यांनी ती वाचावी.

आईच्या वॉर्डात बेसिन एकच, त्यावर साबण नाही. भिंतीला सॅनिटायझर टांगलेलं. डिफिसिलचे बीजाणू सॅनिटायझरनं मरत नाहीत. साबण-पाण्यानं हात चोळूनच ते घालवावे लागतात. एकच हातमोजा घालून मावशी चौघांची भांडी उचलत होत्या. मी त्यांना बोल लावणार नाही, रात्री अख्ख्या मजल्याला त्या एकट्याच. थर्मल वीज केंद्राची राख खिडकीवर बसली की आम्ही परळीकर लगेच फडकं घेतो, कारण ती दिसते. बीजाणू दिसत नाहीत.

डॉक्टरसाहेब, अँटिबायोटिक कधी बंद करायचं ती तारीख चिठ्ठीवर लिहा. गॅसची गोळी खरंच लागते का, ते बघा. म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशननंतर जुलाब लागले तर तपासणी सांगा. कॅप्सूलचं नंतर बघू.

मी आईच्या उशाशी साबणाची वडी नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून ती मागून घेऊन गेली.