कातड्यावरचा इतिहास



अमेरिकेच्या दक्षिण मैदानातले कायोवा घोड्यावरनं बायसनच्या कळपांमागं फिरायचे. मांस पोटाला, कातडं तंबूला. १८७० नंतर गोऱ्या शिकाऱ्यांनी कळपच्या कळप आडवे केले. कातडी कारखान्यात गेली, तिचे मशिनचे पट्टे झाले. मांस तिथंच कुजलं. भाकर तोडली, वर फौज घातली. १८७५ साली कायोवा शरण आले.

लिपी नाही म्हणजे इतिहास नाही म्हणणाऱ्यांच्या तोंडावर त्यांची कॅलेंडरं फेका. कातड्यावर, पुढं कागदावर, दर हिवाळ्याला एक चित्र, दर उन्हाळ्याला एक. १८३३ च्या हिवाळ्यात ताऱ्यांचा पाऊस पडला, त्याचं चित्र आहे. १८९० साली फौजेच्या धाकानं सूर्यनृत्य अर्ध्यात मोडलं, मांडवाचे खांब तसेच उभे राहिले. त्याचंही आहे.

पण त्यांना देव्हाऱ्यात बसवू नका. त्यांच्यातही वरचे-खालचे होते, पकडून आणलेल्यांना ते राबवायचे. मात्र लढाईत नाव काढून खालचा वर जाऊ शकायचा. आपल्याकडं जन्मालाच कुलूप.

म्हणून सांगतो, पोथीवाल्यांची वाट बघू नका. झोपडी कधी पाडली, नळ कधी आला, कोण लढलं, कोण मेलं, आपलं साल आपणच लिहू!