साचा कुणाचा?

टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळांना आपल्याकडे अजून पोरखेळ समजलं जातं. पण १८१२ साली बॅरन फॉन रायस्विट्झ यांनी असा खेळ थेट प्रशियाच्या राजापुढे मांडला होता. डोंगर, नद्या, गावं रंगवलेल्या फरशा हव्या तशा जोडून त्यात रणभूमी उभी करता येई. १८२४ मध्ये त्यांच्या मुलाने तो सुधारला आणि पुढे लष्करी अधिकारी त्यावर युद्धाचा सराव करू लागले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहून तो घरात आणला. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि टेबलावर भुयारं, तळघरं, पडके बुरूज दिसू लागले.

हे बुरूज बरेच शौकीन घरीच प्लास्टरमध्ये ओततात. त्यासाठी अमेरिकेतल्या हर्स्ट आर्ट्सचे सिलिकॉनचे साचे प्रसिद्ध आहेत. काम सोपं, पण सबुरीचं. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात भुकटी सोडायची, उलट नाही. जोरात ढवळलं तर बुडबुडे होतात. साच्यात ओतलं की टेबल हलक्या हाताने ठोकायचं, म्हणजे अडकलेली हवा वर येते. वरचा जादा माल पट्टीने खरवडून काढायचा. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलेली भुकटी. ती पाणी परत घेते, गरम होते आणि पुन्हा दगड बनते. घट्ट झालेल्या विटा काढून पूर्ण वाळू द्यायच्या, मग पांढऱ्या गोंदाने भिंती जोडायच्या.

माझा आक्षेप या कामाला नाही, साच्यांना आहे. तयार संचांमध्ये युरोपी किल्ले, चर्च, सराया यांचं वैविध्य भरपूर. मुसलमानांची वस्ती मात्र बहुधा एकाच रूपात येते: वाळवंट, पिवळ्या भिंती, एक घुमट, एक बाजार. तिथे राहणारा माणूस लुटारू तरी असतो, नाहीतर नेम धरायचं निशाण. मराठीत ‘साचेबंद’ हा शब्द आहे. इथे तो शब्दशः खरा ठरतो. त्याच साच्यातून शंभर वेळा ओतलं की शंभर वेळा तेच गाव निघतं आणि खेळणाऱ्या पोराला वाटतं, जगात दुसरं गाव नाहीच.

कोकणातल्या मुसलमानांचं गाव त्या साच्यात कुठे बसतं? जांभ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, मागे नारळ, पुढे खाडी. तिथल्या कित्येक जुन्या मशिदींनाही उतरती कौलं आहेत. देवगिरी-दौलताबादचा किल्ला घ्या. कातळ तासून केलेला कडा, खंदक, शत्रूला चकवणारी अंधारी. यापेक्षा सरस भुयार कुठल्या कंपनीला सुचलं असतं? आणि यादवांपासून निजामशाहीपर्यंत अनेकांचे हात लागलेल्या त्या किल्ल्यात ‘आमचा दगड’ आणि ‘त्यांचा दगड’ वेगळा काढून दाखवावा कुणीतरी.

म्हणून माझं म्हणणं असं, की साचा आपण करावा. जांभ्याची खरबरीत वीट, कौलांची एक ओळ, एक कमान मातीत घडवावी, छोट्या खोक्याच्या तळाला चिकटवून वर सिलिकॉन ओतावं. दुसऱ्या दिवशी साचा हातात. सिलिकॉन स्वस्त नाही हे खरं, पण एका साच्यातून पुष्कळ विटा निघतात. चार घरांनी मिळून एक केला तरी चालेल. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. माझ्या लहानपणी गल्लीतल्या किल्ल्याला माती आणणाऱ्यांत मीही असे, तेव्हा कुणी कुणाचं नाव विचारून घमेलं हातात दिलं नव्हतं.

आपल्यातले काही जण तसवीरीचा प्रश्न काढतील. भिंत, पायरी, कमान यांना जीव नसतो, एवढंच त्यांना सांगेन. ग्रॅनाडाच्या अलहंब्रात चौदाव्या शतकातल्या कारागिरांनी याच प्लास्टरमध्ये कोरून आणि साच्यांतून काढून भिंती सजवल्या. हा हुनर आपल्याला परका नाही. एक पथ्य मात्र पाळावं: उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नये, ते नळीत दगड होतं, आणि तुटके तुकडे नदीत टाकू नयेत.

आपलं चित्रण चुकीचं होतं अशी तक्रार आपण नेहमी करतो, आणि ती रास्तही असते. पण तक्रार करून साचा बदलत नाही. उद्या एखाद्या नाशिकच्या किंवा न्यू जर्सीतल्या मुलाने टेबलावर कौलारू मशीद मांडली आणि तिचं रक्षण करायला आपले सैनिक पाठवले, तर आपल्या दहा लेखांनी झालं नसतं ते काम एक मूठभर प्लास्टर करून जाईल.