एम-६ : लढण्यासाठी नव्हे, जगण्यासाठी

अमेरिकी हवाई दलाच्या ‘एम-६’ बंदुकीला वैमानिकाचे ‘गुप्त युद्धास्त्र’ म्हणून मिरवणे आता थांबावे. १९५०च्या दशकातील ही दुमडती बंदूक जरा उघडून पाहावी. वर .२२ हॉर्नेटची नळी, खाली .४१० छऱ्यांची, दोन्ही १४ इंची आणि प्रत्येकीत एका वेळी एकच काडतूस. दस्त्याच्या कप्प्यात हॉर्नेटची ९ आणि छऱ्यांची ४ काडतुसे. एवढ्या सामग्रीवर शत्रूच्या गस्तीशी कोण झुंजणार? नेहमीच्या चापाऐवजी लांब पट्टी आहे, तीही जाड हातमोज्यांतून दाबता यावी म्हणून! शिवाय हॉर्नेटची गोळी मऊ टोकाची, लागताच पसरणारी. माणसांवरील युद्धात अशा गोळ्या १८९९च्या हेग जाहीरनाम्याने निषिद्ध ठरवल्या होत्या. सशावर झाडण्यास मात्र कोणाचीच हरकत नव्हती.